पैशाचं सगळं कळतं, पण सवय टिकत नाही. तुमची कशी टिकली?

ओंजळ | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

कुठे गुंतवू, कोणता फंड चांगला हे विचारायला हा धागा काढलेला नाही. त्यावर इथे भरपूर लिहिलं गेलंय आणि मी ते वाचलंही आहे. माझा प्रश्न त्याच्या एक पायरी आधीचा आहे. आधी बचत मग खर्च, सहा महिन्यांची तरतूद हवी, विमा आणि गुंतवणूक एकत्र करू नये, हे सगळं मला पाठ आहे. तरी वयाच्या चौतिसाव्या वर्षी माझ्याकडे तीन अर्धवट हिशेबवह्या आणि एक बंद पडलेलं अ‍ॅप आहे. काल त्यातली एक वही काढली. अकरा पानं सुवाच्य अक्षरात, लाल रेघांसकट भरलेली. बाराव्या पानावर नुसती तारीख.

वही काढायचं कारण असं, की आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांची नोकरी गेल्या आठवड्यात गेली. एकोणीस वर्षं एकाच ठिकाणी होते. निरोपाच्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा हळूच म्हणाले, "दोन महिने निघतील कसेबसे." त्यांचा पगार माझ्या दुपटीहून जास्त होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

ज्यांना पैशाची चांगली सवय लागली आणि दहा-पंधरा वर्षं टिकली, त्यांनी कृपया सांगा, ती नेमकी कशाने टिकली? आणि मोडली असेल तर कशाने मोडली?

रानवारा | रात्री ९:५८

महत्त्वाचा विषय. वाचनखूण साठवली. लिहितो सवडीने.

दीपमाळ | रात्री १०:२०

ओंजळ, तुझ्या प्रश्नातच एक गोष्ट दडली आहे. तू सवय म्हणजे "रोज करायचं काम" असं धरते आहेस. माझ्याकडून रोज करायचं कुठलंच काम वर्षभर टिकलेलं नाही. टिकलं ते एकदा करून सोडून दिलेलं काम.

मी नोकरीला लागले तेव्हा महिनाअखेरीला जे उरेल ते बाजूला टाकायचं ठरवलं होतं. दोन वर्षांत काहीही उरलं नाही. पगार वाढला तरी उरलं नाही, कारण खात्यात दिसणारा पैसा हा खर्चाचा पैसा वाटतो. मग एका मैत्रिणीने सोबत बसून दुसऱ्या बँकेत खातं उघडायला लावलं. त्या खात्याचं कार्ड घेतलं नाही, मोबाइलवर त्या बँकेचं अ‍ॅप ठेवलं नाही. पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी पगाराचे पाच टक्के आपोआप तिकडे जातील अशी सूचना बँकेला देऊन टाकली. पाच टक्के गेलेले कळलेही नाहीत. वर्षाने आठ केले. त्यानंतर एकच नियम ठेवला: पगार वाढला की वाढीतला अर्धा भाग त्या खात्याचा, उरलेला अर्धा हौसेमौजेचा. आज चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत मी "आज बचत करू या" असं एकदाही ठरवलेलं नाही. ठरवावं लागलं असतं तर केव्हाच मोडलं असतं.

गणिती | रात्री १०:४१

दीपमाळताईंना अनुमोदन. त्यात "लवकर" हा शब्द घालतो आणि आकड्यांत दाखवतो.

दोघी मैत्रिणी घ्या. पहिली पंचविसाव्या वर्षापासून दहा वर्षं दर वर्षी १ एकक बाजूला टाकते आणि पस्तिशीला थांबते. पुढे काहीच भरत नाही, साठलेलं फक्त तसंच राहू देते. दुसरी पस्तिशीला सुरू करते आणि साठीपर्यंत सलग पंचवीस वर्षं दर वर्षी १ एकक टाकते. दोघींना दर साल ८ टक्के परतावा धरा. साठीला पहिलीकडे सुमारे ९९ एकक असतात, दुसरीकडे सुमारे ७३. पहिलीने खिशातून भरले १०, दुसरीने २५.

रक्कम दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील हे तोंडी काढायचं असेल तर ७२ला व्याजदराने भागा. ८ टक्क्यांना ९ वर्षं. हाच भागाकार महागाईलाही लागतो: ६ टक्के महागाई असेल तर घरात पडून असलेल्या पैशाची किंमत साधारण १२ वर्षांत निम्मी.

जिज्ञासा | रात्री १०:५५

अवांतर: हा ७२चा नियम लुका पाचोलीच्या १४९४ सालच्या गणिताच्या ग्रंथात सापडतो. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची हिशेबपद्धत ज्याने छापून सर्वांसमोर आणली, तोच हा पाचोली. म्हणजे पाचशे वर्षं माणसं हा भागाकार बोटांवर करत आली आहेत.

माध्यान्ह | रात्री ११:१२

गणितीसाहेब, तुमच्या आकड्यांत चूक नाही, पण मला यावर मनापासून बोलायचं आहे. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. असा तक्ता जिथे जिथे बघितला तिथे मी पान बंद केलंय. तो तक्ता मला एवढंच सांगतो की तुझी गाडी बावीस वर्षांपूर्वी सुटली. मग वाटतं, आता काय राहिलंय, आणि तो महिनाही तसाच जातो. माझी तिशी वडिलांच्या आजारपणात गेली, त्यात दोन वर्षं बिनपगारी रजा. निष्काळजी म्हणून मागे राहिलेलो नाही. आमच्यासारख्यांनी काय करायचं ते कोणी सांगत नाही.

गणिती | रात्री ११:४०

माध्यान्हदादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. तो तक्ता पंचविशीतल्यांसाठी आहे आणि मी तो सरसकट सगळ्यांपुढे टाकला. तुमच्यासाठी वेगळं गणित करून बघितलं. करताना मलाच नवल वाटलं.

दर वर्षी १ एकक, ८ टक्के, दहा वर्षं: शेवटी १४.४९ एकक होतात. आता जीव काढून ८ऐवजी १० टक्के मिळवले, तर होतात १५.९४. फरक १.४५चा. आणि परतावा ८च ठेवून दर वर्षी १ऐवजी १.१ टाकला, तर? फरक पुन्हा १.४५चाच. म्हणजे दहा वर्षांच्या टप्प्यात दोन टक्के जादा परताव्याच्या मागे धावून जे मिळतं, तेवढंच बचत एक दशांशाने वाढवून मिळतं. परतावा आपल्या हातात नाही, बचतीची रक्कम बरीचशी आहे.

पंचवीस वर्षांच्या टप्प्यात हे गणित फिरतं, तिथे दोन टक्के फार मोठे ठरतात. पण ज्याच्याकडे दहा-पंधरा वर्षं आहेत, त्याने कोणता फंड एक टक्का जास्त देतो हे शोधण्यात रात्री घालवू नयेत आणि जादा परताव्याच्या लोभाने जादा धोकाही पत्करू नये. दर महिन्याला किती टाकतो ते बघावं. आणि शक्य असेल तर दोन-तीन वर्षं जास्त काम करावं, कारण त्यात भरायची वर्षं वाढतात आणि बसून खायची कमी होतात.

माध्यान्ह | रात्री ११:५२

हे आजवर मला कोणी असं मांडून दाखवलं नव्हतं. कागदावर उतरवून घेतलं. मनापासून आभार.

जिज्ञासा | सोमवार, सकाळी ७:१५

दीपमाळताई, तुमची "पगारवाढीतला अर्धा" ही पद्धत प्रत्यक्ष प्रयोगात सिद्ध झालेली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत १९९८ साली कामगारांपुढे एक योजना ठेवली. आज काहीच कापायचं नाही. फक्त आज एवढं कबूल करायचं, की पुढे जेव्हा जेव्हा पगार वाढेल तेव्हा बचतीचा टक्काही आपोआप वाढेल. नको वाटलं तर केव्हाही बाहेर पडा. ज्यांना विचारलं त्यांतल्या ७८ टक्के लोकांनी होकार दिला. सहभागी लोकांचा बचतीचा सरासरी टक्का चाळीस महिन्यांत ३.५वरून १३.६वर गेला. हा निबंध २००४ साली प्रसिद्ध झाला. थेलर यांना पुढे २०१७चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

यामागचं कारण मला फार पटतं. हातात आलेल्या पैशातून काढलं की गमावल्यासारखं वाटतं, अजून हातात न आलेल्या पैशातून काढलं की वाटत नाही. शिवाय आपला आळस इथे आपल्या बाजूने काम करतो. एकदा सुरू झालेलं बंद करायलाही कष्ट पडतात ना!

पण याच आळसाची दुसरी बाजूही आहे. ब्रिजिट माड्रियन आणि डेनिस शे यांनी २००१मध्ये एका कंपनीतल्या निवृत्ती-बचतीचा अभ्यास केला. नव्या कामगारांना आपोआप योजनेत घेतल्यावर सहभाग खूप वाढला, पण सुरुवातीचा टक्का ३ ठेवला होता तर बहुतेक जण ३वरच बसून राहिले. म्हणून ओंजळ, आपोआप जाणारी रक्कम लावलीस तर ती दर वर्षी वाढेल अशीही सोय त्याच वेळी करून टाक. नाहीतर पाच टक्क्यांवरच दहा वर्षं निघून जातील.

पाऊलवाट | सकाळी ९:०३

पगारदारांचं ठीक आहे हो. मी भाषांतरकार आहे. एका महिन्यात तिप्पट येतं, मग दोन महिने शुकशुकाट. पगाराची तारीखच नाही तर दुसऱ्या दिवशी काय वळवणार? पाच-सहा वर्षं चाचपडून माझं जे बसलं ते असं:

येणारा प्रत्येक पैसा एका खात्यात. त्याला मी "धरण" म्हणते. पैसा आला त्याच दिवशी त्यातला कराचा अंदाजे वाटा तिसऱ्याच खात्यात, तो आपला नाहीच असं समजायचं. मागच्या वर्षातले सगळ्यात कोरडे तीन महिने काढायचे, त्यांची सरासरी काढायची आणि दर महिन्याच्या एक तारखेला धरणातून घरखर्चाच्या खात्यात तेवढाच पगार स्वतःला द्यायचा. तिप्पट आलं तरी तेवढाच. धरणात सहा महिन्यांचा पगार साठेपर्यंत गुंतवणुकीचं नावही काढायचं नाही, त्यानंतर वरचं पाणी पुढे सोडायचं.

पहिलं वर्ष फार ताणाचं गेलं. चांगला महिना आला की हात शिवशिवतात. आता मात्र नकोसं काम नाकारता येतं. पैसे बुडवणाऱ्या एका ग्राहकाला गेल्या वर्षी सरळ नाही म्हटलं. ते "नाही" म्हणायला धरण भरलेलं असणं उपयोगी पडलं.

काजवा | सकाळी ९:३०

थोडा बाळबोध प्रश्न. माझ्यावर क्रेडिट कार्डाची थकबाकी आहे, शिवाय शिक्षणकर्जाचा हप्ता. मी आधी बचत सुरू करू की आधी कर्ज फेडू?

रोखठोक | सकाळी ९:४१

आधी कर्ज. एक पैसाही बाजूला टाकू नका जोवर कार्ड शून्यावर येत नाही. कार्डाचं व्याज महिन्याला ३ टक्क्यांच्या आसपास असेल तर थकबाकी दोन वर्षांत दुप्पट होते. "मिनिमम ड्यू" (म्हणजे या महिन्यात किमान भरायची रक्कम) हे शब्द वाचून फसू नका. तेवढंच भरलं तर त्यातला बराचसा भाग व्याजातच जातो आणि मुद्दल तसंच बसून राहतं.

दीपमाळ | सकाळी १०:१०

रोखठोक, कार्ड पहिलं फेडायचं याबद्दल दुमत नाही. पण "एक पैसाही बाजूला नको" याला माझा विरोध आहे. माझ्या भावाने असंच केलं. पै न् पै कार्डावर भरली, पाच महिन्यांत निम्मी थकबाकी उतरवली. सहाव्या महिन्यात दातांचं मोठं काम निघालं. खात्यात काही नव्हतंच, सगळं पुन्हा कार्डावर. त्या दिवशी त्याचा जो धीर खचला, त्यानंतर त्याने वर्षभर विवरणपत्र उघडूनही बघितलं नाही. काजवा, आधी एका महिन्याच्या खर्चाएवढी शिल्लक कर आणि मग पूर्ण जोर कार्डावर लाव. शिक्षणकर्जाचं व्याज कमी असेल तर त्याचे हप्ते वेळेवर जाऊ देत, घाई नको.

रोखठोक | सकाळी १०:२५

व्याजाच्या हिशेबाने माझंच म्हणणं योग्य आहे. शिल्लक पडून राहील आणि कार्ड व्याज खात राहील.

पाऊलवाट | सकाळी १०:३२

हिशेबाने तुमचं बरोबर, रोखठोक. पण फेडणारा माणूस थकतो, आणि दातांचं काम सांगून येत नाही. मी दीपमाळताईंच्या बाजूने.

रोखठोक | दुपारी १:०५

बरं, काजवाने स्वतः ठरवावं. मी एवढा कर्जाविरुद्ध का बोलतो ते सांगतो, मग गप्प बसतो.

मी जिवलग मित्राच्या कर्जाला जामीन राहिलो होतो. सहीला दोन मिनिटं लागली. कागद वाचला नाही, कारण वाचणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं असं तेव्हा वाटलं. त्याचा व्यवसाय बसला, बँकेची नोटीस माझ्या घरी आली. चार वर्षं त्याचे हप्ते मी भरले. घर घ्यायला जमवलेले पैसे त्यात गेले आणि मैत्रीही गेली. तो वाईट माणूस नव्हता, आजही नाही. पण जामिनाची सही म्हणजे कर्जच असतं, पैसे तेवढे दुसऱ्याच्या हातात पडतात. एवढं त्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर मी हात आखडता घेतला असता.

त्यानंतर लागलेली सवय म्हणजे कुठल्याही कागदावर त्याच दिवशी सही करायची नाही. घरी आणायचा, पूर्ण वाचायचा, बायकोलाही वाचायला द्यायचा. मदत करायची झाली तर जेवढी रक्कम परत आली नाही तरी चालेल, तेवढी थेट हातात द्यायची.

पारवा | दुपारी १:३०

रोखठोकांची "त्याच दिवशी सही नाही" ही सवय गुंतवणुकीतही तारते. चार्ल्स पाँझीने १९२०मध्ये बॉस्टनमध्ये ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचं आमिष दाखवलं. सुरुवातीच्या लोकांना पैसे मिळालेही, कारण ते मागून आलेल्यांच्या खिशातले होते. आज पडद्यावर अ‍ॅप दिसतं, ग्रुपमध्ये नफ्याचे फोटो येतात, पण आतलं यंत्र तेच. "आजच शेवटचा दिवस" असं कोणी म्हणालं की मी सात दिवस थांबतो. आजवर एकही खरी संधी सात दिवसांत आटलेली नाही.

बाळसं | दुपारी २:१०

जरा हलकं. काल मुलीला (वय ६) व्याज समजावून सांगत होते. म्हटलं, पैसे ठेवले की आपण झोपलेलो असतानाही ते वाढतात. तर म्हणाली, "मी पण झोपेतच वाढते. मग मला पण बँकेत ठेवणार?"

रानवारा | दुपारी २:१४

हाहाहा! हिला धाग्याचं संपादकपद द्या.

निर्झर | दुपारी ३:२०

वहीबद्दल कोणीच बोललं नाही अजून, आणि ओंजळने सुरुवात वहीपासून केली होती. माझं मत: खर्च लिहिणं आयुष्यभर करायची गोष्ट नाही. सलग तीन महिने, सगळं, एकही आकडा न गाळता लिहायचं आणि थांबायचं. पैसा कुठे झिरपतो ते तेवढ्यात कळतं. मला तीन महिन्यांत सापडलेली गोष्ट म्हणजे न वापरलेल्या चार वर्गण्या, त्यांतली एक तर दोन वर्षांपूर्वी फुकट चाचणीसाठी घेतलेली. आता दर वर्षी एक महिना पुन्हा लिहितो. ओंजळ, अकरा पानं भरलीस म्हणजे तुझं बरंचसं काम झालंय. ती पानं वाचलीस का पण?

जिज्ञासा | दुपारी ३:४५

निर्झर, मी मात्र रोज लिहिणाऱ्यांपैकी. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाची छापील वही काढली, "काकेबो". ती परंपरा अजून चालू आहे. हाताने लिहिताना क्षणभर थांबावं लागतं, आणि माझे निम्मे फालतू खर्च त्या क्षणात गळतात. ज्याला लिहिण्यात सुख आहे त्याने जरूर लिहावं. पण वही बंद पडली म्हणून बचत बंद पडली असं होऊ नये. दोन्हींची गाठ सोडवून ठेवलेली बरी.

निळीशाई | सायंकाळी ६:५०

मी इथे क्वचित लिहिते. सगळे प्रतिसाद वाचले आणि वाटलं, हे सांगायलाच हवं.

माझे यजमान तीन वर्षांपूर्वी अचानक गेले. वय त्रेपन्न. पैशाच्या बाबतीत अतिशय शिस्तीचे होते. दीपमाळताई, तुम्ही लिहिलंत ते सगळं ते करत होते: आपोआप बचत, दर वर्षी वाढ, मुदत विमा, सगळं. मला कशातलंच काही माहीत नव्हतं. ते म्हणायचे, "तू कशाला डोक्याला त्रास करून घेतेस," आणि मलाही ते बरं वाटायचं.

ते गेल्यावर कपाटात एक निळी फाईल सापडली. त्यात दहा वर्षांपूर्वीचे कागद होते. नंतरचं सगळं त्यांच्या मोबाइलमध्ये आणि मोबाइलला त्यांच्या बोटाचं कुलूप. कुठल्या बँकेत खातं आहे हे मी टपालाने येणाऱ्या पत्रांवरून शोधत गेले. एका मोठ्या ठेवीवर नॉमिनी म्हणून माझ्या सासूबाईंचं नाव, त्या जाऊन सहा वर्षं झाली होती. एक विमा पॉलिसी बंद पडलेली निघाली, कारण ज्या खात्यातून हप्ता जायचा ते खातं त्यांनी बदललं होतं आणि नव्या खात्याची सूचना द्यायची राहून गेली. एवढा नीटनेटका माणूस, पण एक सूचना राहिली. सगळं माझ्या नावावर व्हायला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत घर माझ्या बहिणीने चालवलं.

मला त्यांच्यावर राग नाही. पण आपोआप चालणाऱ्या गोष्टी खरंच चालू आहेत ना, हे बघणारा दुसरा माणूस घरात हवा. आता मी आणि माझा मुलगा वर्षातून एकदा, एका ठरलेल्या रविवारी, दोन तास बसतो. एकच कागद असतो. कोणती खाती, कोणता विमा, कोणतं कर्ज, प्रत्येकासमोर नॉमिनीचं नाव, हप्ता कुठल्या खात्यातून जातो, आणि अडचण आली तर फोन कोणाला करायचा. पासवर्ड त्या कागदावर नसतात, ते कुठे ठेवलेत ते दोघांना ठाऊक आहे. मृत्युपत्रही केलंय, कारण नॉमिनी आणि वारस यांचे कायदे ठिकठिकाणी वेगळे असतात. ते तुमच्या तिथल्या जाणकाराला विचारून घ्या.

दीपमाळ | सायंकाळी ७:१५

निळीशाई ताई, वाचून सुन्न झाले. आणि खरं सांगते, माझ्या त्या दुसऱ्या बँकेतल्या खात्याबद्दल आमच्या घरात कोणालाच माहीत नाही. चौदा वर्षं मी "लपवून ठेवलंय" याचं कौतुक सांगत आले. आज रात्री नवऱ्याला दाखवते.

उलटसुलट | रात्री ८:३०

सगळे प्रतिसाद उत्तम, पण "इंडेक्स फंडात (म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाचीच नक्कल करणाऱ्या फंडात) टाका आणि विसरा" असा सूर पुढे निघणार हे दिसतंय, म्हणून आधीच लिहितो. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९च्या २९ डिसेंबरला ३८,९१५वर बंद झाला. त्याच्या वर जायला त्याला २०२४चा फेब्रुवारी उजाडावा लागला. चौतीस वर्षं! शेअर बाजार दीर्घकाळात वाढतोच असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

गणिती | रात्री ८:५५

मुद्दा रास्त आहे, दोन गोष्टी जोडतो. त्या आकड्यात लाभांश धरलेला नाही आणि सगळे पैसे नेमके त्याच दिवशी टाकलेला माणूस विरळा. पुढची वीस-पंचवीस वर्षं दर महिन्याला थोडं थोडं घेत गेलेल्याची सरासरी खरेदी बरीच खाली येते. तरी तुमचं सांगणं खरं: एकाच देशावर, एकाच प्रकारावर सगळा भार टाकू नये, आणि पुढच्या पाच वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात ठेवूच नये.

शुल्काकडे मात्र नक्की बघा, कारण ते बाजार पडला तरी कापलं जातं. १० टक्क्यांनी ३० वर्षांत रक्कम सुमारे साडेसतरा पट होते. त्यातले २ टक्के दर वर्षी शुल्कात गेले तर उरतात ८, आणि ८ने सुमारे दहाच पट. सामान्य गुंतवणूकदारांसाठी पहिला इंडेक्स फंड जॉन बोगल यांनी १९७६मध्ये आणला, त्यामागे हाच हिशेब होता.

जिज्ञासा | रात्री ९:१०

अवांतर, पण इथे शोभेल. बेंजामिन फ्रँकलिन १७९०मध्ये गेले तेव्हा त्यांनी बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना प्रत्येकी एक हजार पौंड ठेवले. अट अशी, की तरुण कारागिरांना व्याजाने कर्ज द्यायचं, शंभर वर्षांनी काही भाग वापरायचा, उरलेला दोनशे वर्षांनी. १९९०मध्ये बॉस्टनकडे पन्नास लाख डॉलरच्या आसपास होते, फिलाडेल्फियाकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. रक्कम तीच, मुदत तीच, सांभाळणारे हात वेगळे.

काजवा | रात्री ९:२५

मी ठरवलं. एक महिन्याची शिल्लक आधी, मग कार्ड. रोखठोक दादा, राग मानू नका. तुमची जामिनाची गोष्ट दोन मित्रांना पाठवली आहे.

रोखठोक | रात्री ९:३१

राग कसला! कार्ड शून्यावर आलं की इथे येऊन सांग म्हणजे झालं.

ओंजळ | रात्री ११:०५

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. निर्झर, तुमच्या प्रश्नाने उठून वही पुन्हा काढली. नाही, ती अकरा पानं मी कधीच वाचली नव्हती. लिहायचं एवढंच माहीत होतं. आज बेरीज केली. माझा खर्च मला वाटत होता त्याच्या जवळपास सव्वापट निघाला. म्हणजे "सहा महिन्यांची तरतूद" असं मी ज्याला मनात धरून होते, तीही पाचेक महिन्यांचीच होती, आणि तीदेखील कागदावर.

आज केलेल्या गोष्टी: पगाराच्या दुसऱ्या दिवशी सहा टक्के वेगळ्या खात्यात जातील अशी सूचना दिली. दर वर्षी दोन टक्के वाढ करायची, त्याची आठवण पगारवाढीच्या महिन्यात लावली. मग नवऱ्याला हाक मारली आणि निळीशाई ताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग स्वतःच उठून त्याचे कागद घेऊन आला. त्याच्या एका ठेवीवर नॉमिनीची जागा कोरीच निघाली. बाराव्या पानावर, त्या जुन्या तारखेच्या खाली, आम्ही दोघांनी मिळून तो एक कागद लिहायला घेतलाय. कर्जाच्या रकान्यापर्यंत आलो आहोत.

ज्येष्ठ सहकाऱ्यांनाही फोन केला. एका ओळखीच्या ठिकाणी त्यांच्यासाठी शब्द टाकते आहे.

निळीशाई | रात्री ११:२०

ओंजळ, कागद पूर्ण झाला की त्यावर दोघांच्या सह्या आणि तारीख नक्की घाला. पुढच्या वर्षी बसाल तेव्हा हाच कागद ताजा आहे ना, ते त्यावरून कळतं. आमच्याकडे एकदा जुना आणि नवा असे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले गेले होते, फार गोंधळ झाला.

रानवारा | रात्री ११:३४

लिहितो म्हटलं होतं, लिहायला बसलो आणि त्याऐवजी बँकेचं संकेतस्थळ उघडलं. माझा पगार २८ला होतो. २९ तारीख लावली, पाच टक्के. निळीशाई ताई, कागदाचा नमुना इथे टाकाल का?